कुलवृत्तांत : अभिमानाचा की पुराव्याचा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांचा एक समग्र कुलवृत्तांत सिद्ध करावा, असा विचार मंडळात चालू आहे. त्या निमित्ताने वंशावळीच्या शोधाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहो. विषय विस्तीर्ण आहे. आम्ही तो एकाच प्रश्नापुरता घेणार आहो. कुलवृत्तांत लिहावयाचा तो कुळाचा मोठेपणा सांगण्यासाठी, की कुळातील माणसे विस्मृतीतून वाचविण्यासाठी? या दोन हेतूंनी लिहिलेली पुस्तके बाहेरून एकसारखी दिसतात. आतून ती फार वेगळी असतात.

उदाहरण दूरचे नको, ठाण्याचेच घेऊ. इ. स. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात नव्या कामासाठी खणत असता एक ताम्रपट सापडला. तो उत्तर कोकणचा शिलाहार राजा अरिकेसरी याचा, शके ९३९ म्हणजे इ. स. १०१७ चा. दानपत्राच्या रिवाजाप्रमाणे त्यात राजाची वंशावळ दिली आहे. तिचा आरंभ नागाचे प्राण वाचविण्यासाठी स्वतःचा देह गरुडापुढे ठेवणाऱ्या जीमूतवाहन विद्याधरापासून होतो, आणि मग कपर्दी, पुल्लशक्ति अशी एकामागून एक नावे येतात. आता यांत खरे किती? जीमूतवाहन हा कथेतला पुरुष. त्याला कोणताही शिलालेख साक्ष देत नाही. पण पुल्लशक्ति आणि त्याचा पुत्र कपर्दी यांची नावे कान्हेरीच्या लेण्यांतील नवव्या शतकाच्या लेखांत कोरलेली आहेत. अरिकेसरीचा पुतण्या मुम्मुणी याचे नाव कल्याणजवळच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ च्या लेखात आढळते. म्हणजे एकाच घराण्याच्या पंक्तीत आरंभी दंतकथा आहे आणि पुढे दगडावर पडताळून पाहता येईल असे सत्य आहे. दंतकथेमुळे सत्य खोटे ठरत नाही, आणि सत्याच्या शेजारी बसल्याने दंतकथाही खरी ठरत नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२४ साली महिकावतीची बखर प्रसिद्ध केली, तेव्हा हीच दृष्टी ठेविली. बखरीतील कोणते प्रकरण कोणत्या काळचे, कोणाच्या हातचे, हे त्यांनी वेगळे करून दाखविले. बखर त्यांनी टाकून दिली नाही, तशी ती डोळे मिटून स्वीकारलीही नाही.

आता वंशावळीचे शास्त्र ज्यांनी फार पुढे नेले, त्या इंग्रज उमरावांकडे वळू. त्यांच्याकडे कुलचिन्हांची व वंशांची नोंद ठेवणारे राजदप्तर १४८४ सालापासून आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांत या दप्तराचे अधिकारी परगण्यापरगण्यांतून फिरून घरंदाज कुटुंबांच्या वंशावळी तपासून नोंदवीत. १५३८ पासून प्रत्येक चर्चमध्ये बारसे, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम झाला. १८२६ साली जॉन बर्क याने उमरावांच्या घराण्यांचा कोश काढला, आणि पुढे 'बर्क' हे त्याचे नावच उमरावांच्या वंशावळीला पर्याय म्हणून रूढ झाले.

इतकी साधने असूनही काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक घराण्याने आपली जी हकीकत पाठविली, ती पुष्कळदा तशीच छापली गेली. कालचा व्यापारी नवा उमराव झाला की त्याला १०६६ साली नॉर्मंडीहून विल्यम राजाबरोबर आलेला पूर्वज सापडू लागला. १८७७ साली फ्रीमन या इतिहासकाराने या कृत्रिम वंशावळींवर कडक टीका केली. त्यानंतर जे. एच. राउंड या पंडिताने कित्येक नामवंत घराण्यांची मुळे जुन्या कागदांवर घासून पाहिली, तेव्हा अनेक मुळे कागदाचीच निघाली. १८८७ ते १८९८ या काळात 'कम्प्लीट पीअरेज' हा ग्रंथ आठ खंडांत प्रसिद्ध झाला. त्यात दंतकथांना रजा देऊन तारखा व पुरावे यांवर भर दिला गेला. या निर्भीड तपासणीमुळे इंग्लंडातील घराणी लहान झाली नाहीत. त्यांची खरी माहिती तेवढी विश्वासार्ह झाली.

या उमरावांशी आपला संबंध नाही असे मात्र कोणी समजू नये. १८०३ सालच्या सप्टेंबरात असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा असलेला आर्थर वेलस्ली, हाच पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला. त्याच्या घराण्याचे नाव १७९८ पर्यंत 'वेस्ली' असे लिहीत. १७२८ पूर्वी तर त्यांचे आडनाव 'कॉली' होते. एका वेस्ली नातलगाची मालमत्ता वारशाने आली, म्हणून कॉलींनी त्याचे नाव घेतले. आडनावावरून कूळ ओळखू जाणारा येथे फसतो. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? फड सांभाळला म्हणून फडणीस, पत्रव्यवहार पाहिला म्हणून चिटणीस, खजिना राखला म्हणून पोतनीस. गाव सोडले की गावावरून नवे आडनाव. एका आजोबांचे नातू तीन आडनावांनी नांदतात, आणि एका आडनावाची तीन कुळे एकमेकांस परकी असतात. म्हणून आडनाव हा शोधाचा आरंभ आहे, पुरावा नव्हे.

आता एक मूलभूत भेद ध्यानी घ्यावा. इंग्रज उमरावाची पदवी आणि जमीन बहुधा थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्यांना सैन्य, चर्च किंवा कंपनी सरकारची चाकरी शोधावी लागे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जो पुण्यास वकील होता आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता, तो अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. घरी वारसा असता तर तो इकडे आला असता की नाही, कोण सांगणार! त्याचा पुतण्या तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन १८५३ ते १८६० मुंबईचा गव्हर्नर झाला. आपणांपैकी नोकरीसाठी मुंबईस जाणारे २०१८ पर्यंत त्याच्याच नावाच्या स्थानकावर उतरत. आता ते प्रभादेवी झाले आहे.

आपल्याकडे वतन सर्व भावांत वाटले जाई. थोरली पाती, धाकटी पाती, त्यांच्या तक्षिमा, आणि तक्षिमांवरून भाऊबंदकी. त्यामुळे आपल्या जुन्या वंशावळींत सर्व भाऊ येतात, हा त्यांचा गुण. परंतु त्या लिहिल्या गेल्या त्या बहुधा वादासाठी. गोतसभेपुढे महजर होत असता, किंवा १८५२ च्या इनाम कमिशनने सनदा मागितल्या तेव्हा, वंशावळ काढून ठेवावी लागे. हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिलेली वंशावळ हक्कापुरतीच असते. ज्याला मूल झाले नाही तो गळतो, जो परागंदा झाला तो गळतो, आणि मुली तर आरंभापासूनच गळतात.

हक्कासाठी मनुष्य किती दूर जातो, आणि मायेपोटी मनुष्य काय मान्य करतो, याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पण देह ओळखण्याविषयी शंका राहिली आणि पार्वतीबाईंनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. त्या शंकेचा आधार घेऊन भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, कोकणात त्याने मोठा पुंडावा माजविला आणि १७७६ साली त्यास देहान्त शासन झाले. इंग्लंडातही टिचबोर्न घराण्याचा वारस समुद्रात बुडाल्यावर ऑस्ट्रेलियातून एक मनुष्य 'मीच तो' म्हणत आला. वारसाच्या मातेने त्याला पुत्र म्हणून जवळ केले. पण न्यायालयात पुरावा टिकला नाही आणि १८७४ साली त्यास चौदा वर्षांची शिक्षा झाली. मातेची माया खरी होती. पुत्र खोटा होता. वंशावळ लिहिणाऱ्याने हे सदैव स्मरावे. आपल्याला जे खरे असावेसे वाटते, तेथेच दुप्पट पुरावा मागावा.

आणि आता आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. १९५१ च्या मे महिन्यापासून मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. १९९९ साली इंग्लंडात कायदा होऊन बहुसंख्य वंशपरंपरागत उमरावांचा लॉर्डांच्या सभेत बसण्याचा हक्क गेला. त्या वेळी ९२ तेवढे राहिले. वंशावळीने पूर्वी जे मिळत असे, ते आता मिळत नाही. पुष्कळांना यात वंशावळीचे महत्त्व संपल्यासारखे वाटते. आम्हांस उलट वाटते. वंशावळीवर वतन अवलंबून होते तोवर खरे सांगणे महाग होते. आज ते फुकट आहे. आपले पूर्वज कारकून होते, कर्जात बुडाले होते, एका धोतरावर ठाण्यास आले होते, हे लिहिण्याने आज कोणाची तक्षीम बुडत नाही. ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली त्या १८५३ साली मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड होता. त्याची पत्नी चौथ्या विल्यम राजाची अनौरस कन्या होती. इंग्रजांच्या ग्रंथांत ही नोंद सरळ आढळते. त्यावाचून कोणाचे काही अडले नाही.

मुलींच्या बाबतीत तर आता विलंबास जागाच नाही. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि सर्व देशात २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क आला. तलाठ्याकडे वारसनोंद करावयास गेलो तर मुलींची नावे द्यावीच लागतात. मग कुलवृत्तांतातच ती का नसावीत? कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुनेचे उदाहरण घ्या. विवाहानंतर ती आनंदीबाई झाली, १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत बाविसाव्या वर्ष पुरे होण्याआधीच निवर्तली. तिचे एकुलते मूल दहा दिवसांचे होऊन गेले. तिच्या रक्षा न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथे, तिला लेकीसारखी मानणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. पुरुषसंततीचाच वेल लिहिण्याच्या जुन्या रीतीत अशा स्त्रीला ना माहेरच्या पानावर जागा, ना सासरच्या. जी पद्धती आनंदीबाईंना गाळते, ती आपल्या घरातील किती जणींना गाळीत आली असेल, याचा प्रत्येकाने विचार करावा.

तेव्हा करावयाचे काय? आमची नम्र सूचना अशी. प्रत्येक कुटुंबाने प्रथम हयात वडीलधाऱ्यांना बसवून विचारावे आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. आजी-आत्यांना आधी विचारावे, कारण सोयरसंबंध त्यांच्याच स्मरणात असतात. नंतर कागद पाहावे : शाळेचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी, सातबारा व फेरफार, घरातील मोडी रुमाल. नाशिक, त्र्यंबकेश्वर व पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांच्या नोंदी सापडण्याचा संभव असतो. यात्रेस जाताना त्या अवश्य पाहाव्यात. वतनाचा संबंध असेल त्यांनी पुण्याच्या पेशवे दप्तराची वाट धरावी. आणि प्रत्येक नोंदीपुढे तीनांपैकी एक खूण करावी : कागदाचा पुरावा असल्यास 'लेखी', ऐकीव असल्यास 'तोंडी', आणि आपण जुळविले असल्यास 'तर्क'. जेथे काहीच ठाऊक नाही तेथे जागा कोरी सोडावी. कोरी जागा पुढील पिढीला शोधास बोलावते. खोट्या नावाने भरलेली जागा शोधच थांबविते.

यास घाई का, ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. ठाण्यातील आणि डोंबिवलीतील जुन्या इमारती पुनर्विकासासाठी उतरत आहेत. सामान हलविताना माळ्यावरची ट्रंक प्रथम भंगारात जाते, आणि मोडी वाचता येत नाही म्हणून तिच्यातले कागद कोणी उघडूनही पाहत नाही. मुले परदेशी आहेत. गावाचे नाव त्यांना ठाऊक आहे, वाट ठाऊक नाही. ज्यांना वाट ठाऊक आहे ते आज या सभागृहात पहिल्या ओळींत बसले आहेत, आणि ते सारे सत्तरी-ऐंशीच्या पुढचे आहेत.

आपले कूळ किती उंच होते, हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर कोणी टाकलेला नाही. त्यात कोण कोण होते, एवढे प्रामाणिकपणे लिहून ठेवणे मात्र आपले कर्तव्य आहे. मंडळाने त्यासाठी छापील पत्रके सिद्ध करावीत, मोडी जाणणाऱ्यांचे साह्य घ्यावे आणि पुढील संमेलनापर्यंत निदान प्रत्येक घरच्या तीन पिढ्या, लेकीसुनांसह, नोंदवून घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे.