सरकारी कचेरीची ओसरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला या विषयावर बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. सरकारी इमारती कशा असाव्यात हे सांगायला एखाद्या इंजिनियरला बोलवा." त्यावर त्या म्हणाल्या, "इंजिनियर इमारत बांधून निघून जातो. तिथे तासन्‌तास बसायचे तुम्हांला असते." हे मला पटले, म्हणून उभी आहे. चुकलेमाकले तर सांभाळून घ्यावे.

आपल्या जुन्या घरांना ओसरी असते. आल्यागेल्याला तिथे सतरंजी टाकतात, तांब्याभर पाणी देतात, आणि मग विचारतात, काय काम काढलेत? पाणी विचारायच्या आधी काम विचारू नये, असे आमच्या सासूबाई म्हणतात. कचेरीलाही ओसरी असते. दरवाजा, पायऱ्या, जिना, व्हरांडा, आणि ज्याला हल्ली लॉबी म्हणतात ती मधली मोकळी जागा, हीच ती ओसरी. साहेबांची खोली आपण पाच मिनिटे पाहतो. आपला दिवस जातो तो या ओसरीवर.

आमच्या शेजारच्या अव्वांची गोष्ट सांगते. अव्वा जन्मभर विड्या वळत आल्या. घरात तेलुगू, मराठी समजते, पण वाचता येत नाही. श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी त्यांचा हयातीचा दाखला द्यायचा होता, म्हणून मी त्यांना घेऊन एका कचेरीत गेले. कचेरीचे नाव घेत नाही. घेतले नाही तरी प्रत्येकीला ती आपलीच वाटेल. दिवस उन्हाळ्याचे. सोलापूरचा उन्हाळा तुम्हांला काय सांगायचा! व्हरांड्यात एकच बाक, त्यावरही ऊन आलेले. आम्ही भिंतीला टेकून उभ्या होतो. मी पिशवीतली बाटली पुढे केली तर अव्वा नको म्हणाल्या. दुसऱ्यांदा दिली, तरी नको. तिसऱ्यांदा मी रागावले तेव्हा कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "पाणी प्याले तर जायचे कुठे?"

बायकांच्या मोरीला कुलूप होते. किल्ली शिपायाजवळ. शिपाई भला माणूस, मागितली असती तर दिली असती. पण वीसपंचवीस पुरुष उभे असताना "किल्ली द्या" म्हणायला बाईची जीभ उचलत नाही. अव्वा सकाळपासून एक घोट पाणी न पिता आल्या होत्या. दीड वाजता रांग हलली, आणि आपण जिवंत आहोत हे सांगायला आलेली ती बाई माझ्या हातांवर कोसळली.

आतून एक कारकून बाई धावत आल्या. त्यांनी अव्वांना आपल्या खुर्चीवर बसवले, डोळ्यांना पाणी लावले, दाखल्याचे कामही करून दिले. मी तक्रार करायच्या बेतात होते, तर त्याच म्हणाल्या, "ताई, आम्हीसुद्धा दिवसभर पाणी बेताचेच पितो." माझा राग तिथेच विरला. एका कुलपाने बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही बायकांना तहानेले ठेवले होते.

आता पायऱ्यांचे. सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडल्यापासून त्या चाकांच्या खुर्चीत आहेत. अंगठा द्यायला त्यांना न्यावे लागले. तिथे उतार केलेला होता, रंगही दिलेला होता. पण खुर्ची चढवताना ती उलटी माझ्याच अंगावर येऊ लागली. दोघा परक्या पोरांनी मागून धरले म्हणून बरे. घरी आल्यावर दिरांना विचारले, ते बांधकामावर असतात. ते म्हणाले, एक फूट चढायला उतार बारा फूट लांब लागतो. दुसऱ्या दिवशी मी शिवणाची टेप घेऊन गेले. तीन पायऱ्या, प्रत्येक सहा इंचांची, म्हणजे दीड फूट चढ. उतार हवा होता अठरा फूट. मी मोजला तो सात फूट भरला. सिमेंट लागले, मजुरी लागली, आणि उपयोग शून्य. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, नियम २०१७ साली निघाले, आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ सालीच संपली आहे. हे साल प्रत्येकीने लक्षात ठेवा, अर्जात लिहायला उपयोगी पडते.

पाटीचेही तसेच आहे. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. त्याप्रमाणे कोणता दाखला किती दिवसांत मिळेल, फी किती, कोणी द्यायचा आणि न दिल्यास अपील कोणाकडे, ही पाटी कचेरीत लावावीच लागते. कारण नसताना काम अडवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाट्या असतात हो! पण कुठे कपाटाच्या मागे, कुठे आढ्याजवळ, आणि अक्षर मुंगीएवढे. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेच्या कागदांसाठी आपण किती जणी रांगेत होतो ते आठवा. निम्मी गर्दी "ही रांग कशाची?" एवढेच विचारायला होती. आपल्या गावात मराठीबरोबर तेलुगू, कानडी, उर्दू बोलणाऱ्या बायका आहेत. सगळ्या भाषांत पाट्या लावा असे मी म्हणत नाही. खोलीवर हातभर मोठा आकडा काढा आणि खाली बाण. बसचा नंबर ओळखून चढणाऱ्या बाईला खोलीचा नंबरही ओळखता येतो.

हे कधी झालेच नाही असेही नाही. माझे मामा तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला असत. १९८० नंतरच्या वर्षांत तिथे अनिलकुमार लखीना हे जिल्हाधिकारी होते. त्यांनी जुन्या कागदांचे गठ्ठे निवडून नीट लावले, टेबलांची मांडणी बदलली, कचेरी मोकळी केली. 'लखीना पॅटर्न' म्हणून त्याचे नाव झाले. मामा सांगत, की त्या कचेरीत शिरल्यावर कुठे जायचे ते कळत असे. आपण घरी दिवाळीला माळा काढतो तेव्हा काय करतो? तेच ते. पुढे २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने सगळ्या कचेऱ्यांना शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम दिला. नको असलेले कागद काढणे, आवाराची स्वच्छता, येणाऱ्यांसाठी पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, बसायची जागा, हे त्यात होते. काही ठिकाणी भिंती उजळल्या, हे मी पाहिले. पण रंग एकदा लागतो, झाडू रोज लागतो.

आता थोडे आपल्या माणसांविषयी बोलते, रागावू नका. जिन्याचे कोपरे कोण रंगवते? साहेब नव्हे. आपलेच भाऊ, दीर, मुलगे तंबाखू आणि मावा खाऊन पिचकाऱ्या मारतात. त्यावर उपाय म्हणून कोपऱ्याकोपऱ्यात देवादिकांच्या फरश्या बसवतात. मला हे मुळीच आवडत नाही. ज्या देवाला आपण घरी पाटावर बसवतो, त्याला इथे थुंकीच्या पहाऱ्यावर बसवायचे! आणि माणूसही असा, की देवाला सोडून शेजारची वीत धरतो. आपल्या सोलापूरच्या नगरपालिकेने ६ एप्रिल १९३० रोजी, इंग्रजांचे राज्य असताना, आपल्या इमारतीवर तिरंगा लावला. पुढच्याच महिन्यात गावात मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी झाली. शाळेत हा धडा ऐकताना मला रडू येई. हल्ली जिन्यावरचे डाग पाहिले की तोच धडा आठवतो.

अव्वांच्या प्रसंगानंतर आपल्यातल्या सात जणी त्या कचेरीतल्या मोठ्या साहेबांना भेटल्या. घोषणा नाहीत, मोर्चा नाही. कागदावर चार गोष्टी लिहून नेल्या होत्या: मोरीची किल्ली, बाक, पाणी आणि उतार. साहेबांनी ऐकून घेतले. किल्ली आता त्या कारकून बाईंच्या टेबलाजवळ खिळ्याला असते. कोणाला न विचारता घ्यायची, परत लावायची. बाक सावलीत सरकवला, त्याला एक पैसाही लागला नाही. उताराचे अंदाजपत्रक वर गेले आहे म्हणतात. दर महिन्याला आपण विचारायला जातो, या महिन्यातही जाणार आहोत.

पाण्याच्या मशीनचा अर्ज अजून पडून आहे. तोवर आपण मातीचा रांजण नेऊन ठेवला. काही भगिनी म्हणाल्या, हे सरकारचे काम आपण का करावे? त्यांचे म्हणणे बरोबर आहे, म्हणून अर्ज आपण मागे घेतलेला नाही. पण पुढचा उन्हाळा अर्जाच्या निकालासाठी थांबणार नव्हता. परवा अव्वा पुन्हा तिथे गेल्या होत्या. रांजणातले पाणी दोन पेले प्याल्या, आणि घरी येऊन मला म्हणाल्या की झाकण फार जड आहे, हलके आणा.

तेव्हा लाकडी झाकण कोणाकडे असेल तर सांगावे. रांजण धुऊन भरायच्या पाळ्या वहीत लिहिल्या आहेत. मंगळवार माझा आहे. शुक्रवारची ओळ अजून रिकामी आहे. कार्यक्रम झाल्यावर वही दाराजवळच्या टेबलावर ठेवते.