आधी आपला बांध पाहावा
(शतकपूर्ती सोहळ्यातील भाषण)



दिंडीला शंभर वर्षं झाली. चालकांनी आम्हाला चार शब्द बोलायला सांगितलं. आम्ही चौथी शिकलेलो, औतामागं वाढलेलो. मोठं ज्ञान आमच्याजवळ नाही. आमची एक चूक आहे, तीच सांगतो.

आपण फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला जातो. शके १५२१ साली याच तिथीला नाथ महाराजांनी गोदावरीत देह ठेवला. नाथांची गोष्ट लहान पोरालाही ठाऊक आहे. भर दुपारी गोदेच्या तापल्या वाळवंटात एक लेकरू रडत होतं. ज्यांची सावलीही गावाला चालत नव्हती, त्यांचं ते लेकरू. नाथांनी त्याला कडेवर घेतलं, डोळे पुसले, त्याच्या घरी पोचवलं. पैठणच्या शहाण्यांना नाथांचा विटाळ दिसला. लेकराचे पोळलेले पाय दिसले नाहीत.

ही गोष्ट आम्ही कीर्तनात पुष्कळ वेळा सांगितली. एकदा असंच सांगता सांगता दारूवर आलो. समोर आमच्या बांधाचा शेजारी बसलेला. नाव घेतलं नाही, पण हात त्याच्याकडं केला. मंडप हसला. त्याची बायको-पोरं तिथंच होती. तो खाली मान घालून उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतात आला. भांडला नाही. म्हणला, "महाराज, माझी बाटली साऱ्या गावाला दिसती. तुमचा नांगर मला एकट्यालाच दिसतो."

आमचं तोंड बंद झालं. खरंच होतं ते. दरसाल नांगरताना आम्ही एक तास त्याच्या बांधात घालायचो. टीचभर टीचभर करत बांध सरकला होता. गळ्यात माळ, हातात टाळ, अन् पायाखाली दुसऱ्याची जमीन! पैठणच्या त्या शहाण्यांत आम्हीही उभे होतो, हे त्या दिवशी कळलं.

पेरणीच्या आधी गावातली चार माणसं घेऊन बांधावर गेलो. खुणेचा जुना दगड उकरून काढला, दोर लावला, त्याचं त्याला दिलं. ज्या मंडपात त्याला हसवलं, त्याच मंडपात हात जोडून माफी मागितली. जमीन देणं सोपं गेलं, माफी मागणं जड गेलं.

त्याची दारू सुटली का, हे आम्हाला विचारू नका. तो हिशेब त्याचा. आमचा आमच्याकडं.

माऊली, आपण वारकरी भेटलो की एकमेकांच्या पाया पडतो. लहान-थोर पाहत नाही, जात पाहत नाही. आम्ही तो नुसता रिवाज समजत होतो. पण पाया पडायला वाकावं लागतं. अन् वाकलं की आपलेच पाय आधी दिसतात, कुणाच्या जमिनीवर उभे आहेत ते.

चुकलं-माकलं पदरात घ्या.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!