कुत्रा घ्यायच्या आधी आपला मंगळवार बघा

 

तुमच्या मेसेजमध्ये एक प्रश्न कायम असतो : "ताई, कुठलं ब्रीड घेऊ?" मी उलट विचारते, तुझा मंगळवार कसा जातो? रविवारी काय, सगळ्यांकडेच वेळ असतो. पण मंगळवारी सकाळी साडेआठला कुलूप लावून रात्री नऊला परत येणार असशील, तर मधले बारा तास तो जीव करणार काय?

कारण बहुतेक ब्रीड माणसाने कुठल्या ना कुठल्या कामासाठी घडवली. काम सुटलं, खुमखुमी राहिली. बीगल दिसायला गोड, पण मुळात सशाचा माग काढणारा शिकारी. एकदा वास लागला की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. आणि आवाज असा खणखणीत, की शेजारी सोसायटीच्या ग्रुपवर लिहायला लागतात. बॉर्डर कॉली मेंढरं वळणारा. वन बीएचकेत मेंढरं कुठून आणणार? मग तो घरात आलेली पोरं वळायला लागतो.

लॅब्रडॉर मायाळू, पहिल्यांदा पाळणाऱ्यांना सोपा. पण खादाड! २०१६ मध्ये संशोधकांना साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल सापडला. तो केविलवाणं बघतो म्हणून आजी दर वेळी अर्धी पोळी देणार असेल, तर वजन आणि सांधे दोन्ही बिघडणार.

आता हवामान. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून गार होतो. हस्की सायबेरियात बर्फावर गाडी ओढणारा, अंगावर केसांचे दोन थर. त्याला नागपूरच्या मे महिन्यात आणायचं? एसी आहे म्हणाल, पण पळायला जन्मलेल्या कुत्र्याला दिवसभर एसीत ठेवणं म्हणजे कोंडूनच ठेवणं. पग लहान म्हणून फ्लॅटला बरा वाटतो. २००३ मधल्या त्या मोबाइल नेटवर्कच्या जाहिरातीनंतर तो घराघरात हवाहवासा झाला. पण त्याचं नाक चपटं, श्वासाची वाट अरुंद. त्याला धापा टाकणंच जड जातं. भर दुपारचं फिरणं जिवावर बेतू शकतं.

"मग आपलं देशी घेऊ!" घ्या की. मुधोळ आणि कारवानी आपल्या दख्खनचे, ऊन सोसणारे. मुधोळवर तर २००५ साली टपाल तिकीटही निघालं. पण हे वाऱ्यासारखे धावणारे शिकारी. मोकळं रान किंवा कुंपण घातलेलं मैदान जवळ नसेल, तर त्यांचे हाल होतात.

राहिला आपला गावठी, म्हणजे इंडी. केस आखूड, इथल्या हवेत रुळलेला. दोन-तीन वर्षांचा दत्तक घेतलात, तर स्वभाव बराचसा आधीच कळतो. पण दत्तक फुकट म्हणजे खर्च शून्य नाही हं. रेबीजची लस, गोचीडांचं औषध, रोजचं फिरवणं त्यालाही लागतंच.

हे सगळं पोटतिडकीने सांगतेय, कारण रविवारी मी एका निवाऱ्यात मदतीला जाते. तिथे सोडले जाणारे बरेचसे ब्रीडवाले कुत्रे वर्ष-दीड वर्षाचे असतात. पिल्लूपण सरलेलं, अंगात दांडगाई आलेली. सोडायला येणारी माणसं वाईट नसतात, काही रडतातही. कारण बहुधा एकच : "वेळच मिळत नाही." ती निघून जातात, आणि कुत्रा कित्येक दिवस फाटकाकडे बघत बसतो. त्याला कारण कोण सांगणार?

म्हणून एक करा. पंधरा दिवस, कुत्र्याशिवाय, रोज सकाळी सहाला उठून अर्धा तास चाला. रात्री परत अर्धा तास. पाऊस असला तरी, अंग दुखत असलं तरी. सोबत घरमालकाला विचारा. गणपतीला गावी गेल्यावर कुत्र्याला कोण सांभाळणार, ते ठरवा. दहा-बारा वर्षांत नोकरी बदलेल, लग्न होईल, तेव्हा तो कुठे असेल, यावर घरच्यांशी बोला.

पंधरा दिवस निभावले, तर ब्रीडवर बोलू. नाही निभावले, तरी काही बिघडलं नाही. गल्लीतल्या कुत्र्याला पाण्याचं भांडं ठेवा, त्याच्या लसीकरणाला हातभार लावा. तीही सोबतच आहे.

तर सांगा, तुमचा मंगळवार कसा असतो? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!