उपचारानंतरचा संसार

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणोपचार घ्यायला लातूरकडच्या बायका बार्शीला, नांदेडकडच्या कुणी मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातात. उपचार पुरे करून घरी येतात आणि नवऱ्याची वाकळ वेगळी घालतात. ‘त्यांना लागेल,’ असं मला सांगतात. कर्करोग संबंधातून लागत नाही. किरणही अंगात उरत नाहीत. खरा त्रास वेगळाच. योनिमार्ग कोरडा पडतो, आकसतो, दुखतो. कोरडेपणावर जेली मिळते. मार्ग आकसू नये म्हणून डायलेटर नावाचं गुळगुळीत साधन असतं. डॉक्टरांना विचारून ते वापरावं, संबंध नको असला तरी; पुढची तपासणी त्यानं सोपी जाते. रक्त गेलं तर मात्र लगेच दाखवा. भगिनींनो, पुढच्या फेरीला यजमानांना दाराबाहेर बसवू नका. हे दोघांनी ऐकायचं आहे.