झाकली मूठ आपल्यालाच महाग
(मोलगी येथील बैठकीतील भाषण)



मोलगीच्या बाजारात आमचूर येतो. पांढरा कोणता, काळवंडलेला कोणता, हे विकणाऱ्यालाही दिसते आणि घेणाऱ्यालाही. म्हणून दोन्हींचे भाव वेगळे. कापसाचे तसे नाही. क्विंटलभर कापसातून रुई किती निघेल, हे ढिगाकडे पाहून कळत नाही. बियाणे कोणते होते, वेचणी दवात केली की उन्हात, फरदड मिसळली की नाही, हे आपल्याला ठाऊक. खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला नाही. जिनिंगचा आजचा भाव त्याला ठाऊक, आपल्याला नाही. दोघांच्याही मुठी झाकलेल्या.

मग भाव कसा ठरतो? समजा, गावातला निम्मा कापूस ३६ किलो रुईचा आणि निम्मा ३२ चा. व्यापारी सगळ्यांना ३४ धरून एकच भाव देतो. रुई किलोला १५० आणि सरकी ३० रुपये धरा. दोन किलोंच्या फरकाचे २४० रुपये होतात. चांगल्या कापसाचा शेतकरी क्विंटलमागे तेवढे गमावतो. पुढच्या वर्षी तो म्हणतो, निवडून वेचायची मजुरी कशाला? सगळा माल ३२ वर येतो, भावही तिथेच बसतो. तेजी नाही, मंदी नाही, कोणी फसवलेही नाही. तरी सगळेच खड्ड्यात. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरून हेच दाखवले. २००१ साली आणखी दोघांबरोबर त्याला नोबेल मिळाले.

पूर्वी उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरत. वऱ्हाडात १८९७ साली कापूस बाजाराचा कायदा झाला, पुढे उघड लिलाव आले. भाव उघडा झाला. उतारा मात्र झाकलेलाच राहिला. तो आता आपण उघडा करायचा.

आमचे सांगणे तीनच गोष्टींचे. पहिला वेचा, दुसरा वेचा आणि फरदड वेगवेगळे ठेवा. कापूस वाळवा, हमीभावाच्या खरेदीत पूर्ण भाव ८ टक्के ओलीला असतो आणि १२ च्या वर माल घेतच नाहीत. आणि गावाचा एका जातीचा माल एकत्र करून आधी नमुना पिंजून घ्या, उताऱ्यावर सौदा करा. त्याच दिवशी दोन जिनिंगचे भाव विचारा.

एकाने ओला कापूस घुसवला तर गावाचा नमुना खोटा ठरेल आणि व्यापारी पुन्हा ३२ धरेल. म्हणून ढीग एकमेकांनी तपासायचे. राखण आपलीच, आणि ते २४० रुपयेही आपलेच.