इंटरनेटची पट्टी कशी काढायची?

(त्र्यंबकेश्वर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कांद्याच्या भावावर दोन दोन तास बोलणारी आपण माणसं आज इंटरनेटच्या भावावर बोलणार म्हणून मघाशी मागे कुणीतरी हसलं. हसू द्या. सातबारा, ई-पीक पाहणी, शेतकरी ओळखपत्र, पीकविमा, पोरांचे प्रवेशअर्ज, सगळं त्या तारेतून जायला लागलं आहे. ज्या मालावाचून अडतं, त्याचा भाव समजून घेणं आलंच.

आधी आमची फजिती सांगतो. आमच्या वाडीतल्या तीन घरांनी एका कंपनीला वर्षाचे पैसे एकरकमी मोजले. कागदावरचा आकडा सगळ्यात लहान होता, एवढंच पाहिलं. ज्येष्ठात तार आली, आषाढात खांबावरून तुटली. इथला पाऊस तुम्हाला सांगायला नको. फोन केला की उत्तर ठरलेलं, उद्या माणूस येतो. तो उद्या उजाडायला सतरा दिवस लागले. त्यातच एका पोरीच्या प्रवेशाची मुदत संपत होती. ऐन भातलावणीत आवण तसंच टाकून बाप तिला घेऊन नाशिकला गेला, तेव्हा अर्ज भरला गेला. पैसे परत मागितले तर म्हणाले, वर्षाच्या योजनेत परतावा नाही, कागदाच्या मागे लिहिलंय. पाहिलं तर खरंच लिहिलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं.

बाजार समितीत आपण पुकारलेल्या भावावर खूश होत नाही. हमाली, तोलाई कापून हाती काय पडलं ते पट्टीवर पाहतो. इथेही तसंच करा. जाहिरातीतल्या आकड्यावर बहुतेक वेळा १८ टक्के जीएसटी वेगळा असतो. २०२० साली जिओने ३९९ रुपयांची योजना काढली, तिचं बिल ४७१ च्या घरात जायचं. शिवाय जोडणीचा आकार, राउटरची अनामत, आणि वस्ती आडबाजूला असेल तर जादा तारेचे पैसे. मोबाइलवरूनच भागवायचं म्हणाल तर २८ दिवसांची गंमत विसरू नका, वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात.

समजा एक योजना ५०० रुपयांची आणि दुसरी ६०० ची. कर धरून पहिली वर्षाला ७,०८० आणि जोडणीचे १,५०० मिळून ८,५८०. दुसरीला जोडणी फुकट, वर्षाचे ८,४९६. इथेच स्वस्त महाग झाली. आता पहिली पावसाळ्यात ४५ दिवस बंद पडली आणि दुसरी पाच दिवस, तर चालू दिवसाचा भाव पहिलीचा जवळपास २७ रुपये आणि दुसरीचा साडेतेवीसच्या आसपास. पट्टी ही अशी काढायची.

वेगाचंही तसंच. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हे, मेगाबिट. आठाने भागा, साडेबारा राहतात. घरात एक टीव्ही आणि तीन-चार फोन असतील तर ३० ते ५० चा वेग पुरून उरतो. सरकारी व्याख्येत तर २०२३ पासून २ एमबीपीएसलाच ब्रॉडबँड म्हणतात! सिनेमांच्या ॲपची फुकट जोड दाखवून मोठी योजना गळ्यात मारतात. जनावराबरोबर घुंगरमाळ फुकट म्हणून आपण जनावर घेत नाही.

आता तारेशिवायचंही निघालं आहे. टॉवरवरून घ्यायचं आणि छतावरच्या पेटीत उतरवायचं. जिओ आणि एअरटेल दोघांनी ते २०२३ मध्ये सुरू केलं. तार तुटायची भीती नाही, ही त्याची जमेची बाजू. पण टॉवर एक आणि खाणारी तोंडं अनेक. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला इथे साधा फोन लागताना मारामार होते, हे आपण दरवर्षी पाहतो. पुढे २०२७ चा सिंहस्थ आहे. त्र्यंबक गावाजवळ राहणाऱ्याने घेण्याआधी गर्दीच्या दिवशी शेजाऱ्याकडे जाऊन वेग पाहावा. आडरानातल्या वाडीला मात्र तो पर्याय चांगला ठरू शकतो, टॉवर समोर दिसत असेल तर.

मुख्य गोष्ट कंपनीच्या नावाची नाहीच. १९९५ च्या १५ ऑगस्टला देशात लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं, तेव्हा विदेश संचार निगमचं एकच दुकान होतं. खासगी कंपन्यांना दार उघडलं १९९८ मध्ये. आज शहरात दुकानं पुष्कळ. खेड्यात मात्र बीएसएनएलची फायबर जोडणीदेखील पुष्कळदा स्थानिक केबलवालाच भागीदारीत चालवतो. पाट्या वेगळ्या, खांब तोच आणि शिडी घेऊन येणारा माणूसही तोच असू शकतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की तार तुटली तर येणार कोण, राहतो कुठे, गेल्या पावसाळ्यात किती दिवसांत आला. त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाला विचारा, त्याला नव्हे. आणि वीज गेल्यावर त्याच्याकडची यंत्रं बॅटरीवर चालतात का, हेही. घरातल्या राउटरला बारा व्होल्टची लहान बॅटरी पुरते, पण पलीकडे अंधार असेल तर तिचा काय उपयोग?

पहिले दोन महिने महिन्याचेच पैसे भरा. वर्षाची सवलत पावसाळा पाहून घ्या. तक्रार केली की क्रमांक लिहून ठेवा. कंपनीने दाद दिली नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

राहिली भारतनेटची गोष्ट. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची ही योजना २०११ मध्ये मंजूर झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात ग्रामपंचायतीपलीकडच्या गावांनाही मागणीनुसार जोडणी धरली आहे. मागणीनुसार, म्हणजे मागावी लागेल. पंचायतीत पेटी आहे का, चालू आहे का, हे उद्याच जाऊन पाहा. नसेल तर येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. पुढच्या बैठकीला येताना ठरावाची नक्कल आणा, आणि ज्यांच्याकडे जोडणी आहे त्यांनी सहा महिन्यांची बिलं व बंद पडलेल्या दिवसांची यादी आणा. सगळ्यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी मांडू.