हलणारा वर्गाचा फोटो
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



बाहेरच्या टेबलावर लॅपटॉपवर आपला दहावीचा फोटो लावला आहे. माउस फिरवला की पुढे जमिनीवर बसलेली मुलं जास्त सरकतात, खुर्च्यांवरचे सर आणि बाई थोडे कमी, मागची इमारत जवळजवळ जागची हलत नाही. सकाळपासून सगळे विचारताहेत, हे कसं केलं? संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत. वेळ पाळण्याबद्दल माझी ख्याती तुम्हाला ठाऊक आहेच.

खरं तर हे विज्ञानाच्या सरांनी आठवीतच शिकवलं होतं. नाकासमोर बोट धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट उडी मारतं, फळा फारसा हलत नाही. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. इंग्रजीत याला पॅरलॅक्स म्हणतात. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी पृथ्वीच्या कक्षेच्या दोन टोकांचे जणू दोन डोळे केले आणि १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचं अंतर काढलं. डिस्नेच्या लोकांनी १९३७ च्या ‘द ओल्ड मिल’ या छोट्या चित्रपटात काचेच्या थरांवर चित्रं रंगवून ते थर कॅमेऱ्याखाली वेगवेगळ्या वेगाने सरकवले. मी तेच केलं, फक्त काचा नाहीत.

फोटो स्कॅन करून त्याचे पाच थर कापले. प्रत्येकाला एक आकडा दिला: जमिनीवरची मुलं २४, खुर्च्या १८, उभी रांग १२, बाकांवर चढलेली रांग ६, इमारत २. माउस पडद्याच्या मध्यावर असला तर शून्य धरायचं, डाव्या काठाला उणे एक, उजव्या काठाला अधिक एक. त्या संख्येला थराच्या आकड्याने गुणलं की तो थर किती पिक्सेल सरकवायचा ते मिळतं, आणि सरकवायचा माउसच्या उलट दिशेला. आपण उजवीकडे झुकलो की जवळचं डावीकडे जातं, तसं. गणिताच्या बाईंनी हसू नये, मला एवढंच येतं.

पण एवढ्यावर फोटो झटके देतो. म्हणून थर एकदम जागेवर न्यायचा नाही. सेकंदाला साधारण ६० वेळा पडदा नव्याने रंगतो, त्या प्रत्येक वेळी उरलेल्या अंतराचा दहावा भागच चालायचं. मग थर तरंगत येतो. कडा उघड्या पडू नयेत म्हणून सगळे थर चौकटीपेक्षा किंचित मोठे ठेवले आहेत. ज्यांना एसटीतही मळमळतं त्यांनी आपल्या यंत्रात हालचाल कमी ठेवण्याची सोय चालू केली असेल, तर फोटो स्थिर राहतो.

खरी अडचण वेगळीच होती. थर सरकला की त्याच्या मागचा भाग उघडा पडतो, आणि तो भाग मूळ फोटोत नसतोच. भिंत असेल तर भिंत भरता येते. बाकांवरच्या रांगेत डावीकडून चौथा कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे. शाळेची घंटा द्यायचा मान ज्याच्याकडे होता तो. आता तो आपल्यात नाही. पुढच्या उंच मुलाच्या डोक्यामागे त्याचा अर्धा चेहरा झाकला गेला आहे. पडद्यावर तो चेहरा जेमतेम ४० पिक्सेल रुंद. दोन रांगांच्या आकड्यांत फरक सहाचा, आणि तिथे सहा पिक्सेल म्हणजे डोळ्याचा कोपरा.

हल्ली संगणक रिकामी जागा स्वतःच भरून देतो. मी भरू दिली. सुंदर चेहरा आला. हौसेने त्याच्या बहिणीला पाठवला. तिचा रात्री फोन आला, “दादा, फोटो छान झालाय. पण हा कोण आहे?”

त्याच्या भुवईवर पडक्या विहिरीपाशी लागलेल्या दगडाची खूण होती. नेमकी झाकलेल्या बाजूला. तेव्हा त्याला दवाखान्यात नेणाऱ्यांत मीही होतो, आणि मीच विसरलो.

दुसऱ्या दिवशी तो चेहरा पुसला. त्याला बाकांच्या रांगेतून काढून पुढच्या उंच मुलाच्या थराला चिकटवला आणि त्यालाही १२ चाच आकडा दिला. आता दोघं बरोबरच सरकतात आणि मधली फट उघडत नाही. हिशोबाने हे चूक आहे. तो बाकावर उभा असून एक रांग पुढे असल्यासारखा हलतो, शेजारच्याच्या खांद्याला किंचित घासतो. त्याच्यामागे उघडी पडते ती भिंत, ती मात्र मी भरली.

मोबाईलवर उघडलात तर काही हलणार नाही, तिथे माउस नाही. म्हणून लॅपटॉप आणला आहे. चहाच्या आधी रांगेने या, आणि माउस जरा हळू फिरवा.